जाळीच्या विणीत टाके का चुकतात: टाक्यांचा जमाखर्च मांडण्याची पूर्ण पद्धत

जाळीचे डिझाइन विणताना साधारण बाराव्या-चौदाव्या ओळीला सुई अडते. ओळीच्या शेवटी चार टाके उरायला हवे असतात आणि तीनच उरलेले असतात. मग सगळे टाके मोजायचे, पुन्हा मोजायचे, दोन ओळी उसवायच्या, आणि उसवताना जाळ्या निसटल्या की सगळेच काम काढून टाकायचे. शिकवताना हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता कोणी अडले म्हणून काम घेऊन आले, तर मी आधी त्यांचा कागद मागते. बहुतेकांकडे कागद नसतोच. टाके चुकतात ते हाताने कमी आणि हिशेब न मांडल्याने जास्त. म्हणून हा लेख विणण्याबद्दल थोडा आणि विणण्याआधीच्या हिशेबाबद्दल जास्त आहे.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच डिझाइन घेतले आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या विणकामातली ही घोड्याच्या नालेची वीण आहे. ती सोपी आहे, आणि जाळीचे जवळजवळ सगळे नियम तिच्यात सापडतात.

## पायरी १: सुईला हात लावण्यापूर्वी

चौकटींची वही, पेन्सिल, दोन रंगांचे पेन, मोजपट्टी, न गंजणाऱ्या टाचण्या, आणि विणकामाच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा एवढे जवळ घ्या. सुईवर आवर्तनाची हद्द दाखवणाऱ्या खुणेसाठी त्याच सुती दोऱ्याचे छोटे फास पुरतात, विकतच्या खुणांची गरज नाही.

कृती एकदा पूर्ण वाचा आणि तीन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे सुईचा नंबर. आपल्याकडच्या अनेक सुयांवर जुना ब्रिटिश नंबर असतो. त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन कृतीतला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

दुसरी म्हणजे लोकर. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. खरी लोकर ओली करून ताणून वाळवली की जाळी उघडते आणि तशीच राहते. ॲक्रिलिक नुसत्या पाण्याने तसे बसत नाही. याचा थेट परिणाम किती टाके घालायचे यावर होतो, म्हणून वेष्टन वाचा.

तिसरी म्हणजे शब्द. काही पुस्तकांत ओळीलाच ‘सुई’ म्हणतात (‘तिसरी सुई: सर्व उलट’), काहींत ‘ओळ’. संक्षेपही प्रत्येकाचे वेगळे असतात. या लेखात सु. म्हणजे सुलट टाका आणि उ. म्हणजे उलट टाका. या लेखात जाळी म्हणजे धागा पुढे आणून सुईवरून घेतल्याने तयार झालेला नवा टाका. ‘२ एकत्र’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. ‘३ एकत्र’ म्हणजे एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा, पुढचे दोन एकत्र सुलट विणायचे आणि न विणलेला टाका त्यावरून ओढून काढायचा.

## पायरी २: प्रत्येक क्रियेचे दोन आकडे

सगळ्या लेखातली ही सर्वात महत्त्वाची पायरी. घाई असली तरी ही सोडू नका.

विणताना प्रत्येक क्रिया डाव्या सुईवरचे काही टाके वापरते आणि उजव्या सुईवर काही टाके तयार करते. डावीकडून गेले तो खर्च, उजवीकडे आली ती जमा. वहीत आधी हा तक्ता उतरवून घ्या:

- सुलट किंवा उलट टाका: खर्च १, जमा १
- न विणता सरकवलेला टाका: खर्च १, जमा १
- जाळी: खर्च ०, जमा १
- दुहेरी जाळी (धागा सुईवर दोनदा): खर्च ०, जमा २
- २ एकत्र, कोणत्याही बाजूला झुकणारे: खर्च २, जमा १
- ३ एकत्र: खर्च ३, जमा १
- एकाच टाक्यात दोनदा विणणे: खर्च १, जमा २

जाळीचा खर्च शून्य आहे, आणि गोंधळ इथेच होतो. ‘जाळी, ३ सुलट’ वाचले की मन चार टाके मोजते. पण डाव्या सुईवरचे तीनच टाके गेलेले असतात. आवर्तनाला किती टाके लागतात ते काढायचे असेल तर फक्त खर्च बघा. ओळ संपल्यावर सुईवर किती टाके असतील ते काढायचे असेल तर फक्त जमा बघा. दोन्ही एकाच बेरजेत घेतले की उत्तर चुकलेच.

सावधान: ‘३ एकत्र’ विणताना आधी एक टाका सरकवावा लागतो. तो वेगळा मोजू नका. तो त्या तिनांतलाच एक आहे.

## पायरी ३: एका आवर्तनाचा ताळा

कृतीत ताऱ्यापासून ताऱ्यापर्यंतचा जो भाग पुन्हापुन्हा विणायचा असतो ते एक आवर्तन. आपल्या नालेच्या विणीच्या आठ ओळी अशा आहेत (दोन्ही कडांच्या पट्ट्या सध्या बाजूला ठेवू):

- ओळ १: १ सु., * जाळी, ३ सु., ३ एकत्र, ३ सु., जाळी, १ सु. *
- ओळ २: सर्व उलट
- ओळ ३: १ उ., * १ सु., जाळी, २ सु., ३ एकत्र, २ सु., जाळी, १ सु., १ उ. *
- ओळ ४, ६ आणि ८: १ सु., * ९ उ., १ सु. *
- ओळ ५: १ उ., * २ सु., जाळी, १ सु., ३ एकत्र, १ सु., जाळी, २ सु., १ उ. *
- ओळ ७: १ उ., * ३ सु., जाळी, ३ एकत्र, जाळी, ३ सु., १ उ. *

आता पहिल्या ओळीतल्या ताऱ्यांमधल्या भागाचा ताळा करू.

खर्च: ० + ३ + ३ + ३ + ० + १ = १०
जमा: १ + ३ + १ + ३ + १ + १ = १०

खर्च आणि जमा सारखे, म्हणजे या ओळीने टाके वाढत नाहीत आणि घटतही नाहीत. सातवी ओळ करून पाहू. खर्च: ३ + ० + ३ + ० + ३ + १ = १०. जमा: ३ + १ + १ + १ + ३ + १ = १०. तिसरी आणि पाचवी तुम्ही स्वतः करा, वाचून सोडून देऊ नका. हात बसेपर्यंत कागदावर लिहिणे भाग आहे.

आवर्तन १० टाक्यांचे आणि ताऱ्याबाहेर सुरुवातीला १ टाका, म्हणून टाके ‘१० च्या पटीत अधिक १’. हा एक टाका शोभेचा नाही. प्रत्येक नालेच्या डावीकडे १ टाका येतोच. पहिल्या नालेच्या उजवीकडेही तसाच यावा म्हणून हा जास्तीचा लागतो. तो गाळला तर वीण एका कडेला कापल्यासारखी दिसते.

### ताळा जुळत नसेल तर

कृती चुकलेली आहे असे लगेच ठरवू नका. काही जाळीच्या विणींत टाक्यांची संख्या ओळीगणिक बदलते, आणि ती तशी बदलायचीच असते. समजा एका विणीत पहिली ओळ अशी आहे: * २ सु., जाळी, १ सु., जाळी, ३ सु. *. खर्च ६, जमा ८. तिसरी ओळ अशी: * २ एकत्र, ४ सु., २ एकत्र *. खर्च ८, जमा ६. पहिल्या ओळीने दोन टाके उसने दिले, तिसरीने परत घेतले. ९ आवर्तने असतील तर सुईवर ५४ चे ७२ होतील आणि पुन्हा ५४.

अशा विणीत तुमची तपासणी एकच: एका ओळीची जमा ही पुढच्या ओळीचा खर्च असलीच पाहिजे. प्रत्येक ओळीच्या शेजारी जमेचा आकडा लाल पेनाने लिहा. जिथे लाल आकडा पुढच्या ओळीच्या खर्चाशी जुळत नाही, तिथे एकतर छपाईची चूक आहे किंवा तुमच्या वाचनाची. दोन्ही वेळा ती सुईवर कळण्यापेक्षा कागदावर कळलेली बरी.

सावधान: चौकटींच्या आराखड्यात काही चौकटी काळ्या किंवा करड्या भरलेल्या असतात. तिथे टाका नसतोच. त्या विणू नका, मोजूही नका. आणि आराखड्याची सुलट्या बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची असते, उलट्या बाजूची डावीकडून उजवीकडे.

## पायरी ४: नमुन्याचा तुकडा, पण त्याच विणीचा

साध्या सुलट-उलट विणीचा तुकडा मोजून जाळीची शाल काढता येत नाही. जाळी ताणल्यावर किती पसरते ते साध्या विणीला माहीत नसते.

तीन आवर्तने घ्या: ३ × १० + १ = ३१. दोन्ही बाजूंना सर्व ओळी सुलट अशा चार-चार टाक्यांच्या पट्ट्या: एकूण ३९ टाके. आठ ओळींची आवर्तने निदान चार करा. टाके सैल बंद करा. तुकडा कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा (पिळू नका), गादीवर टाचण्यांनी ताणून पूर्ण वाळू द्या. टाचण्या काढल्यावर तासाभराने मोजा. टाचण्या असताना घेतलेले माप खोटे असते, कारण तुकडा थोडा आकसतो.

मोजायचे ते आवर्तनाचे माप, एका टाक्याचे नव्हे. जाळीत एक टाका घट्ट बसतो, शेजारचा पसरतो. ‘दर सेंटिमीटरला किती टाके’ हा आकडा इथे उपयोगाचा नाही.

समजा तुमच्या तुकड्यात तीन आवर्तने १५ सेंटिमीटर भरली, म्हणजे एक आवर्तन ५ सेंटिमीटरचे. एक पट्टी २ सेंटिमीटर. आठ ओळींची उंची ३ सेंटिमीटर.

## पायरी ५: किती टाके घालायचे

हवी आहे ५० सेंटिमीटर रुंद, १५० सेंटिमीटर लांब शाल.

१. दोन्ही पट्ट्यांची रुंदी वजा करा: ५० − ४ = ४६.
२. आवर्तनाच्या मापाने भागा: ४६ ÷ ५ = ९.२.
३. पूर्ण आकडा घ्या: ९ आवर्तने. अर्धी नाल विणता येत नाही.
४. टाके काढा: ९ × १० = ९०, अधिक १, अधिक पट्ट्यांचे ८. एकूण ९९.
५. रुंदी परत तपासा: ९ × ५ + ४ = ४९ सेंटिमीटर. चालेल.

लांबी: १५० ÷ ३ = ५० वेळा आठ ओळी, म्हणजे ४०० ओळी.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ५० ला ५ ने भागून १० आवर्तने, म्हणून १०० टाके घालणे. १०० हा गोल आकडा बघून समाधान वाटते, पण त्यात ना तो एक टाका आहे ना पट्ट्या. दुसरी चूक म्हणजे दहाव्या आवर्तनासाठी पट्ट्यांचे टाके वापरून टाकणे. पट्टी नसली की शालीची कड गुंडाळायला लागते.

रुंदी अगदी ५० च हवी असेल तर पट्ट्यांत एक-एक टाका वाढवा. आवर्तनाला हात लावू नका.

तपासा: ९९ − ८ − १ = ९०. ९० ला १० ने पूर्ण भाग जातो. ही उलटी तपासणी प्रत्येक कृतीत करा. टाके घालताना नव्हे, त्याच्या आधी.

टोपी किंवा बाही गोल विणायची असेल तर तो जास्तीचा १ गाळा. गोलात शेवटच्या आवर्तनाचा कडेचा टाका पहिल्या आवर्तनाला मिळतो, म्हणून फक्त १० च्या पटीत टाके घ्या आणि ताऱ्याबाहेरचा टाका विणू नका. गोलात सुलटी बाजूच समोर राहते, तेव्हा दुसरी ओळ सर्व सुलट आणि ४, ६, ८ या ओळी ‘९ सु., १ उ.’ अशा होतात.

## पायरी ६: विणताना मोजणी

टाके घातल्यावर चार ओळी सर्व सुलट विणा. मग पट्टीचे ४ टाके आणि तो १ टाका झाला की एक खूण, आणि त्यानंतर प्रत्येक १० टाक्यांनंतर एक खूण. ९९ टाक्यांना १० खुणा लागतील. शेवटच्या खुणेनंतर पट्टीचे ४ टाके उरतील.

यापुढे ९९ मोजू नका. दोन खुणांमध्ये १० आहेत का एवढेच बघा.

एकूण बेरीज बरोबर येऊनही वीण चुकलेली असू शकते. एका आवर्तनात जाळी राहिली आणि दुसऱ्यात ‘३ एकत्र’ ऐवजी ‘२ एकत्र’ झाले, तर एकीकडे ९, दुसरीकडे ११, आणि बेरीज ९९. तुम्ही निश्चिंत होऊन पुढे जाता आणि दोन ओळींनी नाली एकमेकींवर सरकतात. म्हणून मोजणी आवर्तनाची.

उलट्या बाजूची ओळ ही तपासणीची ओळ समजा. प्रत्येक खुणेपाशी थांबा, मागचे १० मोजा, मगच खूण उजव्या सुईवर घ्या.

सावधान: काही विणींत आवर्तन जाळीने संपते. तिथे जाळीचा धागा खुणेच्या फासाखालून पलीकडे सरकतो आणि एकीकडे ९, शेजारी ११ दिसतात. उसवू नका. फास उचलून जाळी आपल्या घरात परत ढकला. काही विणींत ‘३ एकत्र’ दोन आवर्तनांच्या सीमेवरच येते. तिथे फास काढा, तीन टाके एकत्र करा, आणि फास पुन्हा घाला.

### आधाराचा दोरा

दर आठव्या ओळीनंतर शिवणाच्या सुईने सुती दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. विणायची सुई टाक्यांत असतानाच तिच्या खालून ओवा. दोरा खुणांच्या फासांतून जाऊ देऊ नका, नाहीतर फास तिथेच अडकतील. ओवण्याआधी ९९ टाके तपासा. चुकीच्या ओळीत ओवलेला दोरा चूकच जपून ठेवतो. हा दोरा असला की कितीही उसवले तरी काम त्या ओळीवर येऊन थांबते. चार मिनिटांचे काम आहे आणि मी ते कधीच टाळत नाही.

## पायरी ७: आकडा चुकला तर नेमके काय झाले

दोन खुणांमधला आकडा चूक सांगतो:

- ९ आले: जाळी राहिली. उलट्या बाजूच्या ओळीत कळले तर जिथे जाळी हवी तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईने उचला आणि टाका म्हणून विणा. भोक जरा लहान दिसेल, पण ताणून वाळवल्यावर लक्षात येत नाही.
- ८ आले: दोन्ही जाळ्या राहिल्या.
- ११ आले: ‘३ एकत्र’ च्या जागी ‘२ एकत्र’ झाले, किंवा नकळत एक जाळी तयार झाली.
- १२ आले: ‘३ एकत्र’ विणलेच नाही.

नकळत होणारी जाळी या विणीत फार वेळा होते, कारण तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या ओळीत १ उलट टाक्यानंतर लगेच सुलट टाका येतो. उलट टाका विणताना धागा पुढे असतो. तो मागे न नेता सुलट विणला की सुईवर धाग्याचा आडवा वेढा पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका होऊन बसतो. उलट टाक्यानंतर मुद्दाम थांबून धागा मागे घ्या. पन्नास-साठ वेळा केले की हाताला सवय होते.

घट (टाके एकत्र विणून कमी करणे) चुकली असेल तर वरून दुरुस्ती करू नका. त्या आवर्तनापुरते टाके मागे उसवा आणि नीट विणा. पुढच्या ओळीत कुठेतरी दोन टाके एकत्र करून आकडा जुळवणे ही सर्वात वाईट सवय. आकडा जुळतो, नाल मात्र वाकडी राहते आणि तिच्यावरच्या सगळ्या वाकड्या येतात.

## पायरी ८: स्वेटरच्या बगलेला टाके कमी करताना

शालीला हे लागत नाही, पण जाळीचा स्वेटर किंवा बाळाचे झबले विणणारे इथेच अडतात. (बाळासाठी विणत असाल तर बारीक सुई घ्या. मोठ्या जाळीत बाळाची बोटे अडकतात.)

नियम असा: जाळी आणि तिची भरपाई करणारी घट ही जोडी आहे. जोडीतला एक कापला गेला तर दुसऱ्यालाही काढा.

नालेच्या पहिल्या ओळीत ‘३ एकत्र’ दोन टाके खाते आणि दोन्ही बाजूंच्या दोन जाळ्या ते भरून काढतात. बगलेची घट उजव्या कडेने आवर्तनात शिरली की किती टाके गेले त्याप्रमाणे उरलेला भाग असा विणा:

- ३ टाके गेले, ७ उरले: उजवी जाळी गेली. ‘३ एकत्र’ तसेच ठेवले तर एक टाका जादा घटेल. म्हणून १ सु., २ एकत्र, ३ सु., जाळी, १ सु. खर्च ७, जमा ७.
- ४ गेले, ६ उरले: २ एकत्र, ३ सु., जाळी, १ सु. खर्च ६, जमा ६.
- ५ गेले, ५ उरले: आता घटीला जागाच नाही. जाळीही नको. पाचही सुलट.

डाव्या कडेला हेच आरशातल्यासारखे उलटे. बगलेच्या आकाराची घट मात्र यात धरू नका. ती अगदी कडेला वेगळी होते आणि तिची भरपाई करायची नसते. वहीत तिचा वेगळा रकाना ठेवा.

## पायरी ९: तिकोनी शाल, जिथे टाके वाढतच जातात

मानेपासून सुरू होणाऱ्या तिकोनी शालीत सुलट्या बाजूच्या प्रत्येक ओळीत ४ टाके वाढतात: दोन कडांच्या आत एक-एक, मधल्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक. या चार जाळ्यांना भरपाईची घट नसते, म्हणून ताळ्यात त्या वेगळ्या लिहा.

सुरुवात ९ टाक्यांनी झाली (दोन कडा ३-३, मध्य १, दोन्ही बाजूंना १-१), तर वाढीच्या ४० ओळींनंतर ९ + ४ × ४० = १६९ टाके. कडा आणि मध्य वजा केला की १६२, एका बाजूला ८१. आणि ८१ म्हणजे ८ × १० + १. नालेची वीण इथे चपखल सुरू होते.

पण पुढे अडचण आहे. नालेच्या आठ ओळींत वाढीच्या ओळी चार, म्हणजे एका बाजूला ८ टाके वाढतात. नवे आवर्तन सुरू करायला लागतात १०. पहिल्या आठ ओळींनंतर ८१ चे ८९ होतील, आणि ८९ मधून १ वजा केल्यावर १० ने भाग जात नाही. उरलेले टाके कडांकडे चार-चार असे साधे विणत ठेवावे लागतात आणि नाली कडेपासून दूर जात राहतात. शाल पूर्ण जाळीची हवी असेल तर जिच्या ओळी आणि टाके जुळतात अशी वीण घ्या, उदाहरणार्थ ८ टाके आणि ८ ओळींची. नाल वापरायचीच असेल तर ती फक्त शेवटच्या झालरीला वापरा.

कोणतीही वीण तिकोनात घेण्याआधी ही तपासणी करा: एका आवर्तनाच्या ओळींत एका बाजूला किती टाके वाढतात, आणि आवर्तन किती टाक्यांचे आहे? पहिल्या आकड्याला दुसऱ्याने पूर्ण भाग जात असेल तर वीण बसेल.

## पायरी १०: टाके बंद करण्यापूर्वी

शेवटच्या आठव्या ओळीनंतर खुणा काढण्याआधी एकदा सगळी आवर्तने मोजा, मगच खुणा काढा. चार ओळी सर्व सुलट विणा. टाके बंद करताना एक-दोन आकारांनी जाड सुई घ्या. घट्ट बंद केलेली कड ताणताना पसरत नाही आणि ४९ सेंटिमीटरची शाल एका टोकाला ४४ ची होते. आधाराचे दोरे शाल धुवून वाळल्यावरच काढा, कारण बंद केलेली कड पुन्हा सैल करावी लागली तर ते कामाला येतात. वाळल्यानंतरची रुंदी वहीत ९९ टाक्यांच्या हिशेबाशेजारी लिहा आणि लोकरीचे वेष्टन त्याच पानाला टाचून ठेवा.